न मोजलेल्या जिल्ह्याचा वक्र

मे २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने करोनाच्या प्रतिपिंडांचे पहिले राष्ट्रीय सर्वेक्षण हाती घेतले. त्यासाठी देशभरातून सत्तर जिल्हे निवडले गेले आणि महाराष्ट्रातले सहा त्यात आले: अहमदनगर, जळगाव, सांगली, बीड, परभणी आणि नांदेड. लातूर आले नाही. निवड नमुनाशास्त्राच्या रीतीने झाली होती आणि हेतू देशाचा आकडा काढण्याचा होता, त्यामुळे लातूर राहून गेले अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र तेव्हापासून प्रतिपिंडांची गणिती प्रारूपे ज्या सहजपणे आरोग्यधोरणाच्या भाषेत शिरली आहेत, ती पाहता एक प्रश्न थंड डोक्याने विचारायला हवा. लस घेतल्यानंतर नांदेडच्या किंवा लातूरच्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे किती वेगाने उतरतात आणि कोणत्या पातळीला येऊन ठरतात, हे आपण कशाच्या आधारावर सांगतो? लातूरपुरते उत्तर सरळ आहे: दुसरीकडच्या आकड्यांच्या. नांदेडचे उत्तर त्याहून फारसे वेगळे नाही, आणि काळजी वाटावी अशी गोष्ट ती आहे.

सर्वेक्षणाची रचना जरा जवळून पाहू. प्रत्येक जिल्ह्यात दहा गुच्छ, म्हणजे गावे किंवा शहरी प्रभाग. प्रत्येक गुच्छातून चाळीस प्रौढ. म्हणजे जिल्ह्यामागे चारशे रक्तनमुने. चारशेच्या साध्या यादृच्छिक नमुन्यात निम्मे लोक प्रतिपिंडधारक निघाले, तर खरा आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावा असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. पण एका गावातले चाळीस जण एकमेकांसारखे असण्याचा संभव अधिक असल्याने गुच्छ नमुन्यात ही पट्टी रुंदावते आणि दोन्ही बाजूंना सातेक टक्क्यांपर्यंत सहज जाते. पहिल्या फेरीतली अडचण याहून बारीक होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘कोविड कवच’ या एलायझा चाचणीची विशिष्टता ९७.९ टक्के होती. याचा अर्थ, संसर्ग न झालेल्या शंभरांपैकी दोघे तरी चुकून होकारार्थी ठरणार, चारशेत आठ. देशाचा आकडा निघाला ०.७३ टक्के, म्हणजे चारशेत तीन. खऱ्या तिघांसोबत खोटे आठ येण्याची शक्यता असल्यामुळेच होकारार्थी नमुने दुसऱ्या कंपनीच्या चाचणीवर पुन्हा तपासले गेले आणि मगच मोजले गेले. इतकी काळजी घेऊन काढलेला आकडा विश्वासार्ह असतो. मात्र त्याला जो प्रश्न विचारला होता, तेवढ्यापुरताच.

तो प्रश्न असा होता: आज, या घडीला, किती जणांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडतात? ऑगस्ट-सप्टेंबर २०२० च्या दुसऱ्या फेरीत सुमारे ७ टक्के, डिसेंबर-जानेवारीच्या तिसऱ्या फेरीत प्रौढांमध्ये सुमारे २१ टक्के आणि जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील लोकांत ६७.६ टक्के अशी त्याची उत्तरे आली. जिल्हे तेच राहिले, माणसे मात्र दरवेळी वेगळी होती. त्यामुळे या चार फेऱ्यांतून नांदेडमध्ये प्रतिपिंडधारक वाढत गेले हे दिसते, पण एका माणसाच्या शरीरात प्रतिपिंडांचे काय होत गेले हे दिसत नाही, आणि दिसणार नव्हतेच. लसीकरणोत्तर प्रतिसादाच्या प्रारूपाला हेच दुसरे उत्तर लागते.

ते का लागते हे समजण्यासाठी प्रारूपाच्या आत डोकवावे लागेल. लसीतला प्रतिजन लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतो, तिथे बी-पेशी जाग्या होतात, त्यांतल्या काहींपासून अल्पजीवी प्लाझ्मा पेशी बनतात आणि काही दिवस भराभर प्रतिपिंडे तयार करून मरतात. दुसरा गट सावकाश परिपक्व होतो. त्यातून स्मृतिपेशी तयार होतात आणि दीर्घजीवी प्लाझ्मा पेशीही. या दीर्घजीवी पेशी अस्थिमज्जेत जागा धरून वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे पाझरत राहतात. रक्तात आलेल्या आयजीजी रेणूचे स्वतःचे अर्धायुष्य जेमतेम तीन आठवड्यांचे. म्हणून दोन वर्षांनी रक्तात जे प्रतिपिंड सापडते ते दोन वर्षांपूर्वीचे नसते. ते अलीकडेच तयार झालेले असते आणि त्याचे कारखाने अजून चालू आहेत एवढेच ते सांगते. ही सारी साखळी अवकल समीकरणांत मांडता येते: प्रतिजनाचा ऱ्हास, दोन प्रकारच्या पेशींची निर्मिती आणि मृत्यू, प्रतिपिंडांची निर्मिती आणि विघटन. पुष्कळसे तपशील बाजूला ठेवले तर उरतो तो दोन घातांकी पदांच्या बेरजेचा वक्र, एक पद झपाट्याने उतरणारे आणि दुसरे मंदगती.

या वक्राचा धोका एका काल्पनिक उदाहरणाने दाखवता येतो. समजा, दोन वस्त्यांत लसीनंतरची शिखरपातळी सारखीच, १००० एकके आहे. पहिल्या वस्तीत त्यांतली ९५० एकके ४० दिवसांच्या अर्धायुष्याने उतरतात आणि ५० एकके दहा वर्षांच्या. दुसरीत ९३० एकके ३८ दिवसांच्या अर्धायुष्याने आणि ७० एकके ३०० दिवसांच्या. दोन महिन्यांनी पातळी पहिलीकडे ३८५ आणि दुसरीकडे ३७२. चार महिन्यांनी १६८ आणि १५७. सहा महिन्यांनी ९० आणि ८१. कोणत्याही साध्या एलायझा चाचणीच्या मापनदोषात हा फरक बुडून जाईल, आणि सहा महिन्यांच्या आकड्यांवर प्रारूप बसवणारा संख्याशास्त्रज्ञ दोन्ही वस्त्यांना एकच वक्र देईल, तोही प्रामाणिकपणे. तीन वर्षांनी मात्र पहिलीकडे ४१ एकके असतील आणि दुसरीकडे सहासुद्धा नाहीत. संरक्षणाची उंबरठा पातळी २० एकके धरली, तर पहिली वस्ती ती तेरा वर्षांनी ओलांडेल आणि दुसरी दीड वर्षात.

मराठवाड्यात हे समजवायला फार लांब जावे लागत नाही. सप्टेंबरात दोन विहिरींची पातळी सारखीच दिसते. त्यांपैकी कोणतीला झरा आहे आणि कोणतीत नुसते पावसाचे पाणी साठले आहे, ते एप्रिलमध्ये कळते. सुरुवातीच्या मोजमापांत शेवटच्या भागाविषयीची माहिती जवळजवळ नसते, आणि गणित कितीही नेटके असले तरी आकड्यांत नसलेली माहिती ते निर्माण करू शकत नाही. प्रारूप तरीही रेषा पुढे ओढते, कारण सूत्रात काळाच्या जागी कोणतीही संख्या घालता येते. छापील आलेखावर मोजलेला भाग आणि ओढलेला भाग एकाच शाईत येतो.

शेवटचा भाग प्रत्यक्ष मोजला तर काय सापडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या ओरेगनचे आहे. इयान अमन्ना, निकोल कार्लसन आणि मार्क स्लिफ्का यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धनुर्वाताच्या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य ११ वर्षे, घटसर्पाच्या प्रतिपिंडांचे १९ वर्षे निघाले, तर गोवराच्या प्रतिपिंडांत मोजता येण्याजोगी घट जवळजवळ नव्हतीच. त्यांनी यासाठी ४५ माणसांचा पाठपुरावा केला होता, काहींचा २६ वर्षांपर्यंत. नमुना लहान होता आणि माणसे ओरेगनची होती. तिथला आहार, तिथले आतड्यांचे संसर्ग, तिथला जंतूंशी पुन्हा पुन्हा येणारा संबंध हे सगळे कंधारपेक्षा किंवा उदगीरपेक्षा वेगळे. या वेगळेपणाचा परिणाम होतो का? तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसींत तरी तो निर्विवाद आहे: रोटाव्हायरसची एकच लस युरोपात ८५ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरली आणि मलावीत सुमारे ४९ टक्के. टोचून दिल्या जाणाऱ्या लसींत फरक बहुधा कमी असतो. पण तो कमी असेल असे मानणे वेगळे आणि तो कमी असल्याचे पाहिलेले असणे वेगळे.

करोनाकाळात सर्वाधिक प्रभाव पडला तो सिडनीच्या डेव्हिड खौरी, माइल्स डेव्हनपोर्ट आणि सहकाऱ्यांच्या प्रारूपाचा. मे २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या या अभ्यासाने विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची पातळी आणि लसीची परिणामकारकता यांचा संबंध जोडला. आजारातून बऱ्या झालेल्यांच्या सरासरी पातळीच्या सुमारे २० टक्के प्रतिपिंडे असतील तर लक्षणांच्या आजारापासून निम्मे संरक्षण मिळते, आणि गंभीर आजारापासून तेवढेच संरक्षण मिळायला ३ टक्केही पुरतात, हा त्यांचा निष्कर्ष. काम उत्तम होते. कोव्हॅक्सिनची परिणामकारकता या प्रारूपाने वर्तवली ती चाचणीच्या अंतरिम निष्कर्षाच्या अगदी जवळ पोहोचली. परंतु जगभरच्या धोरणचर्चेत पुढे उचलला गेला तो त्यातला ऱ्हासाचा भाग, आणि तिथे वापरलेले १०८ दिवसांचे अर्धायुष्य लस घेतलेल्यांचे नव्हते. ते आजारातून बऱ्या झालेल्यांच्या आठ महिन्यांच्या पाठपुराव्यातून आले होते. लेखकांनी ही मर्यादा लपवलेली नाही. ती गळते ती नंतर, निबंधातून सादरीकरणात, सादरीकरणातून परिपत्रकात आणि परिपत्रकातून बातमीत येताना. शिवाय विषाणू बदलला की उंबरठाच सरकतो. ओमिक्रॉन आल्यावर तेच रक्त, तीच प्रतिपिंडे पूर्वीइतकी पुरेशी राहिली नाहीत.

मापनाची बाजूही दिसते तितकी निर्दोष नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या शहरांतही अनेकांनी खासगी प्रयोगशाळांतून प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली. हाती येणाऱ्या कागदावर पुष्कळदा ‘२५० पेक्षा जास्त’ एवढेच असे, कारण रॉश कंपनीच्या त्या चाचणीत नमुना विरल केला नाही तर मोजमापाची वरची मर्यादाच २५० एकके होती. २६० असो वा ६०००, कागद एकच. असे छाटलेले आकडे सरासरीत घातले की शिखर बुटके दिसते आणि उतार सौम्य. त्यातही ही चाचणी प्रतिजनाला घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे अधिक ठळकपणे टिपते. प्रतिपिंडांची पकड काळानुसार सुधारत असल्यामुळे संसर्गानंतरचे आकडे काही महिने चढत राहू शकतात. त्याच काळात, त्याच माणसाच्या रक्तात, विषाणूच्या केंद्रकवचाविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी ॲबटची चाचणी घट दाखवते. एकाच नळीतल्या रक्ताचे एका यंत्रावर चढते आणि दुसऱ्यावर उतरते वक्र निघू शकतात, आणि दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरवून दिले ते याच कारणाने. तरी वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एका आलेखावर मांडण्याची सवय गेली नाही. भारतात त्यात आणखी एक गुंता होता: कोव्हिशील्डमुळे फक्त काटेप्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, तर कोव्हॅक्सिन अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने केंद्रकवचाविरुद्धही होतात. म्हणजे जिथे दोन्ही लसी दिल्या गेल्या, तिथे संसर्गाची आणि लसीची प्रतिपिंडे वेगळी काढण्याची नेहमीची युक्ती काही लोकांना लागू पडते आणि काहींना पडत नाही.

हे सारे तांत्रिक वाटेल. त्याची किंमत काय होऊ शकते, हे २०२०-२१ च्या हिवाळ्यात दिसले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या, प्रा. एम. विद्यासागर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले की देशाने साथीचे शिखर ओलांडले आहे आणि खबरदारी पाळली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोक्यात येईल. ऑगस्टअखेर सुमारे १४ टक्के लोकांत प्रतिपिंडे होती आणि आता ती ३० टक्क्यांत आहेत, असे त्यांच्या प्रारूपाचे म्हणणे होते. त्याच सुमाराच्या दुसऱ्या सर्वेक्षणाचा आकडा होता ७ टक्के, आणि तीन महिन्यांनंतरच्या तिसऱ्याचा २१. मोजलेले आणि काढलेले यांत दुपटीचा फरक. समितीच्या बाजूनेही बोलता येण्यासारखे होते: केंद्रकवचाविरुद्धची प्रतिपिंडे लवकर उतरतात, तेव्हा सर्वेक्षणच कमी मोजत असावे. हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण तो खरा किती, हे ठरवायला हवा होता त्या चाचणीवरचा, इथल्या सर्वसामान्य वस्तीतला ऱ्हासाचा वक्र. आणि जिल्ह्यांत तो कोणी मोजतच नव्हते. त्यामुळे दोन आकड्यांमधला वाद पुराव्याने सुटू शकला नाही. प्रारूपाच्या आकड्यात दिलासा होता आणि दिलाशाला ऐकणारे नेहमीच अधिक असतात. मार्च २०२१ च्या अखेरीस नांदेड आणि बीड जिल्ह्यांत पुन्हा टाळेबंदी लागली. ब्राझीलच्या मनाउस शहरात याआधी असेच घडले होते. रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांत ऱ्हासाची दुरुस्ती करून ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे अनुमान काढले गेले आणि जानेवारीत तिथली रुग्णालये पुन्हा भरली.

दुसरी लाट प्रारूपामुळे आली असे कोणी म्हणणार नाही. विषाणूचे नवे रूप, गर्दी आणि व्यवस्थेची तयारी यांचा वाटा मोठा होता. परंतु प्रतिपिंडांच्या ऱ्हासाविषयीचे एक न तपासलेले गृहीतक तयारी कमी ठेवायला कसे पुरेसे ठरते, ती यंत्रणा इथे स्वच्छ दिसते, आणि ती अजून तशीच आहे.

प्रारूपांचा दुसरा कमकुवतपणा सरासरीत आहे. प्रतिपिंडांची पातळी माणसागणिक पटीत बदलते, म्हणून ती लघुगणकी मापावर मांडतात आणि भौमितिक मध्य सांगतात. समजा, दोन तालुक्यांत हा मध्य १०० एकके आहे आणि उंबरठा २०. एका तालुक्यात लघुगणकाचे प्रमाण विचलन ०.३ असेल तर उंबरठ्याखाली जेमतेम एक टक्का लोक राहतात. दुसऱ्यात ते ०.५ असेल तर आठ टक्के. मध्य सारखाच, वक्र सारखाच, सादरीकरणातला रंगही सारखाच हिरवा. गोवरासारख्या रोगात, जिथे साथ रोखायला ९५ टक्क्यांच्या आसपास लोक प्रतिकारक्षम असावे लागतात, तिथे एक आणि आठ यांतला फरक म्हणजे साथ न येण्यातला आणि येण्यातला फरक. आणि विचलन वाढते कशाने? वय, कुपोषण, सहव्याधी, डोसांमधले अंतर, शीतसाखळीतले खंड, म्हणजे नेमक्या त्या गोष्टींनी, ज्या लसचाचण्यांत निवडीच्या अटी लावून शक्य तितक्या कमी केलेल्या असतात. चाचणीतून आलेले विचलन मराठवाड्याच्या खेड्याला लावले की उंबरठ्याखालची माणसे कागदावरून नाहीशी होतात.

त्यातून ही माणसे विखुरलेली असतात असे प्रारूप धरून चालते. प्रत्यक्षात ती एकत्र असतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. नवव्या महिन्यात काही बाळांत आईकडून आलेली प्रतिपिंडे अजून शिल्लक असतात आणि ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. त्यामुळे पहिल्या डोसला शंभरातल्या सुमारे पंधरा बाळांत पुरेसा प्रतिसाद उमटत नाही. यांची प्रतिपिंडे उतरत नाहीत, मुळात चढलेलीच नसतात, आणि ऱ्हासाचा कोणताही वक्र त्यांना लागू नाही. दुसरा डोस मुख्यतः या पंधरांसाठी असतो. आता मराठवाड्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या पाहा. ज्या मुलाची ही आठ महिन्यांची मुदत कारखान्याच्या हंगामात सापडली, त्याचे कार्ड गावातल्या आशाताईंच्या नोंदीत आणि मूल कर्नाटकातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर. परतल्यावर डोस मिळू शकतो आणि पुष्कळांना मिळतोही. पण तोवरच्या पाच-सहा महिन्यांत, दुसरा डोस चुकलेली अनेक मुले एकाच तळावरच्या कोप्यांत, एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर असतात. जिल्ह्याची सरासरी अशा वेळी काहीही खोटे सांगत नाही, फक्त त्या तळावर ती उपयोगाची नसते.

प्रतिपिंडे म्हणजे संपूर्ण प्रतिकारशक्ती नव्हे, ही हरकत इथे घेतली जाईल आणि ती योग्य आहे. हिपॅटायटिस-बीची लस घेतलेल्यांत प्रतिपिंडे मान्य उंबरठ्याखाली गेली तरी बहुतेकांचे संरक्षण टिकते, कारण त्या विषाणूला आजार उत्पन्न करायला कित्येक आठवडे लागतात आणि स्मृतिपेशींना जागे व्हायला तेवढा वेळ पुरतो. करोनाला काही दिवसच लागतात, म्हणून तिथे संसर्ग रोखण्यात रक्तात आधीच असलेल्या प्रतिपिंडांचे महत्त्व वाढते, आणि गंभीर आजार रोखण्यात स्मृतीचे. तात्पर्य, एकाच पातळीचा अर्थ रोगागणिक बदलतो. या हरकतीने प्रारूपावरचा भरवसा वाढत नाही, उलट त्यात आणखी एका न मोजलेल्या प्राचलाची भर पडते.

मोजणे आपल्याकडे अशक्य आहे का? लातूरच्या शेजारी पाहिले तर तसे वाटत नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामगुच्छांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात हे त्यातून जगाला कळले. त्यामागे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे अनेक वर्षांचे काम होते. तेच रुग्णालय पुढे एचपीव्ही लसीच्या बहुकेंद्री अभ्यासात सामील झाले. २००९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना व्हायची होती. २०१० मध्ये, खम्मम आणि वडोदऱ्यातल्या वेगळ्याच प्रकल्पावरून उठलेल्या वादानंतर, सरकारने अशा अभ्यासांतले लसीकरण थांबवले आणि देशभरातल्या सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. त्यांचा पाठपुरावा मात्र थांबला नाही. एका डोसनंतरची प्रतिपिंडे दोन-तीन डोसांच्या तुलनेत कमी होती. पण ती उतरून एका पठारावर आली आणि तिथे वर्षानुवर्षे राहिली. दहा वर्षांच्या पाठपुराव्यात चिवट संसर्गापासूनचे संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला त्यामागच्या पुराव्यात बार्शीच्या परिसरातल्या मुलींचे रक्त आहे.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर कोणी वक्र बसवला असता, तर एका डोसची पातळी कमी म्हणून तो अपुरा ठरवला गेला असता, असे मानायला जागा आहे. पठार गणितातून निघाले नाही. ते दिसेपर्यंत कोणीतरी थांबले आणि त्याच मुलींकडे पुन्हा पुन्हा गेले. इथे सावधही राहायला हवे. हे गट यादृच्छिक वाटपातून पडलेले नव्हते, आणि एका लसीचे पठार दुसऱ्या लसीला उसने देता येत नाही. बार्शीवरून करोनाविषयी काहीच सिद्ध होत नाही. मोजण्याची क्षमता दोनशे किलोमीटरच्या आत आहे, एवढे मात्र नक्की सिद्ध होते.

क्षमता असूनही मोजले नाही तर काय होईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. पुढच्या साथीत संगणकीय सामग्री आजच्यापेक्षा स्वस्त असेल आणि प्रत्येक जिल्ह्याला, मोजलेल्या असो वा न मोजलेल्या, प्रतिकारशक्तीचा एक अंदाजी आकडा मिळेल. लातूरचा आकडा नांदेड, बीड, परभणीवरून काढला जाईल. नांदेडचा चारशे नमुन्यांवरून आणि सिडनी किंवा लंडनच्या ऱ्हासदरावरून. बूस्टर कोणाला आधी, खाटा कुठे किती, शाळा केव्हा सुरू, हे त्यावर ठरेल. आकडा एका बाजूला चुकला तर गरज नसलेला डोस दिला जाईल, दुसऱ्या बाजूला चुकला तर गरज असलेला राहील. आणि कोणत्या बाजूला चुकला आहे हे तेव्हा कोणालाही सांगता येणार नाही, कारण तुलनेसाठी मोजलेले काहीच नसेल.

यावर करता येण्याजोगी गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शेजारी शेजारी आहेत. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि विद्यापीठाचे उपकेंद्रही. सुरुवात करोनापासून करण्याची गरज नाही, कारण तिथे उंबरठाच अस्थिर आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी दिली जाते. दोन्ही रोगांच्या प्रतिपिंडांचे उंबरठे आंतरराष्ट्रीय एककांत ठरलेले आहेत, चाचण्या प्रमाणित आहेत आणि मुले शाळेत सापडतात. दोन्ही जिल्ह्यांतल्या काही तालुक्यांतून, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गावे मुद्दाम धरून, तीनेकशे मुले घ्यावीत; पालकांची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी; लसीआधी, महिन्याने, वर्षाने, तीन वर्षांनी आणि सोळाव्या वर्षी टीडी देण्याआधी त्याच मुलांचे रक्त एकाच चाचणीवर मोजावे आणि उरलेला रक्तद्रव पुढच्या प्रश्नांसाठी गोठवून ठेवावा. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि दोन्ही वैद्यकीय संस्थांच्या अधिष्ठात्यांनी हा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षासाठी विचारात घ्यावा. यंदा दहावे वर्ष पूर्ण करणारी मुले सहा वर्षांनी पुढच्या डोससाठी येणारच आहेत.